चित्रवीथीतील सीता : कलादर्शनात ‘स्व’चे स्थान

१

कलासंग्रहालयाच्या दालनातून फिरणारा सामान्य प्रेक्षक एखाद्या चित्रापुढे वा मूर्तीपुढे थबकतो आणि सोबतच्या माणसाला म्हणतो, “हे पाहिले आणि आमच्या आजीची आठवण झाली.” ह्या उद्गाराचे समीक्षकाने काय करावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु तो तसा नाही. संग्रहालयात येणाऱ्या बहुसंख्य माणसांचा कलाकृतीशी जडणारा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, संबंध ह्याच स्वरूपाचा असतो. तो खोटा ठरविला तर संग्रहालयाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवण्यात काय अर्थ उरतो, हे सांगणे कठीण होईल. उलट, तो सरसकट खरा मानला तर कलाकृतीलाही स्वतःचे असे काही म्हणावयाचे असते, हेच आपण नाकारल्यासारखे होईल.

ह्या प्रश्नाची जी उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत, ती बहुधा प्रेक्षकाच्या विरुद्ध जाणारी आहेत. संग्रहालयाचा अभिरक्षक वस्तूखाली माहितीची पाटी लावतो. तीत नाव, काल, स्थळ, शैली आणि माध्यम एवढे असते. आजीला तेथे जागा नसते. सौंदर्यशास्त्रज्ञ त्याहून कठोर आहेत. बा. सी. मर्ढेकर ह्यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याची जी उपपत्ती मांडली, तीनुसार चित्र म्हणजे रंगरेषांच्या संवेदनांची लयबद्ध रचना होय. चित्रातील विषयामुळे जाग्या होणाऱ्या आठवणी त्या रचनेच्या बाहेरच्या ठरतात. संस्कृत साहित्यशास्त्रात अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी सात विघ्ने सांगितली आहेत, त्यांपैकी दोन आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत : समोरचा अनुभव ‘माझा’ किंवा ‘परक्याचा’ म्हणून विशिष्ट देशकालाला बांधून टाकणे हे एक, आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. आजीच्या आठवणीने डोळे भरून आलेला प्रेक्षक ह्या दोन्ही विघ्नांत सापडला आहे, असे अभिनवगुप्ताचा अभ्यासक म्हणेल.

ह्या थोर विचारवंतांचा निर्णय अमान्य करण्याचे धाडस करण्यापूर्वी एका जुन्या साक्षीदाराला पाचारण करणे इष्ट वाटते. तो साक्षीदार शास्त्रकार नाही, नाटककार आहे; आणि त्याने हा प्रश्न सिद्धांत म्हणून न मांडता रंगभूमीवर घडवून दाखविला आहे. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’तील पहिल्या अंकाचे चित्रदर्शन हे भारतीय साहित्यातील चित्रदालनाच्या भेटीचे बहुधा सर्वांत सविस्तर आणि सूक्ष्म चित्रण आहे. आणि त्या दालनातील मध्यवर्ती चित्रे जनस्थानाची व पंचवटीची, म्हणजे परंपरेने ज्या भूमीला नाशिक म्हणून ओळखले त्या भूमीची आहेत. नाशिककर वाचकाला हा प्रसंग केवळ वाङ्मयीन राहत नाही.

२

भवभूती हा स्वतःच्या सांगण्यानुसार विदर्भातील पद्मपूरचा. त्याचा काल सामान्यतः इ. स. च्या आठव्या शतकाच्या पूर्वार्धात मानतात. नाटकाचा प्रारंभ होतो तेव्हा राज्याभिषेक होऊन गेला आहे, जनक मिथिलेला परतला आहे, आणि गर्भवती सीता पित्याच्या वियोगाने खिन्न आहे. तिचे मन रमावे म्हणून लक्ष्मण एक सूचना करतो : आपण सांगितल्याप्रमाणे चित्रकाराने रामचरित वीथिकेत रंगविले आहे, ते पाहावे. चरित कोठपर्यंत आले आहे, असे राम विचारतो. सीतेच्या अग्निशुद्धीपर्यंत, असे उत्तर मिळते, आणि राम व्यथित होतो. एकही चित्र अद्याप दृष्टीस पडलेले नाही. केवळ चित्रमालेची व्याप्ती सांगितली गेली आहे, आणि तेवढ्यानेच एका जुन्या जखमेची खपली निघते. संग्रहालयाच्या पाटीवरील निर्विकार शब्ददेखील कोणासाठी निर्विकार नसतात, ही गोष्ट नाटककाराने अशी उंबरठ्यावरच नोंदवून ठेवली आहे.

पुढील भेटीत लक्ष्मणाची भूमिका आजच्या मार्गदर्शकाची आहे. तो चित्रामागून चित्र दाखवितो आणि त्याचे नाव सांगतो : ही जृंभकास्त्रे, ही मिथिला, हा विवाहसोहळा. सीता आणि राम हे प्रेक्षक. परंतु हे प्रेक्षक विलक्षण आहेत, कारण चित्रांतील पात्रे ते स्वतःच आहेत. ‘ह्या कलाकृतीत माझे काही आहे का’ हा प्रश्न त्यांना पडण्याचे कारण नाही. ‘सगळेच माझे असताना मी नेमके काय पाहतो’ हा प्रश्न मात्र उरतो, आणि भवभूतीला त्याचेच कुतूहल आहे.

विवाहाच्या चित्रात लक्ष्मण वधूंची ओळख करून देतो. ही आपण, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. येथे तो थांबतो. तेव्हा सीता बोट दाखवून विचारते की, मग ही दुसरी कोण? ती ऊर्मिला आहे, लक्ष्मणाची पत्नी. तो लाजतो, मनाशी हसतो, आणि परशुरामाच्या चित्राकडे वळून विषय बदलतो. हा प्रसंग टीकाकारांनी बहुधा कौटुंबिक विनोद म्हणून वाखाणला आहे, आणि तो तसा आहेही. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. मार्गदर्शकाने जे चित्र गाळले, ते प्रेक्षकाने पाहिले. सीतेला ते दिसले कारण ती ऊर्मिलेची बहीण आहे. नात्याने तिच्या नजरेत काही बाहेरून मिसळले नाही. भिंतीवर रंगविलेलेच, पण नाव न मिळालेले, त्या नात्यामुळे तिच्या ध्यानी आले.

थोड्याच वेळाने दुसरी गाळणूक होते. लक्ष्मण मंथरेचे चित्र दाखवितो. राम उत्तर देत नाही. तो त्वरेने सीतेचे लक्ष शृंगवेरपुराच्या इंगुदी वृक्षाकडे वळवितो. मधल्या मातेचा वृत्तांत आर्यांनी टाळला, हे लक्ष्मण मनाशी ओळखतो. म्हणजे व्यक्तिगत नाते जसे पाहावयास लावते, तसे न पाहावयासही लावते. सीतेचे भगिनीप्रेम चित्र उघडते. रामाचे सौजन्य आणि दुःख चित्र झाकते. एकाच भेटीत, एकाच भिंतीपुढे, ‘स्व’ची ही दोन परस्परविरुद्ध कार्ये नाटककाराने शेजारी शेजारी ठेवली आहेत. व्यक्तिगत अर्थाचे सरसकट समर्थन किंवा सरसकट खंडन करणाऱ्या कोणत्याही उपपत्तीला ह्या दोन प्रसंगांचा एकत्र हिशेब द्यावा लागेल.

३

चित्रे जनस्थानाशी येतात तेव्हा दर्शनाचे स्वरूप पालटते. प्रस्रवण पर्वत आणि त्याच्या पायथ्याची गोदावरी पाहून रामाला तेथील रात्री आठवतात. गप्पांत प्रहर कसे सरले हे न कळलेल्या त्या रात्री. ही साधी स्मृती होय. चित्राने एक खूण पुरविली आणि मनाने उरलेले भरून काढले. संग्रहालयातील बहुतेक ‘आठवणी’ ह्याच जातीच्या असतात. त्या गोड असतात, निरुपद्रवी असतात, आणि त्यांत चित्राचा वाटा अल्प असतो. गोदावरीचे दुसरे कोणतेही चित्र रामाला तेवढेच उपयोगी पडले असते.

त्यानंतर पंचवटीतील शूर्पणखा येते. सीता घाबरते, आणि आता आपला वियोग होणार अशा भीतीने उद्गारते. अगं, हे चित्र आहे, अशी राम तिला आठवण देतो. सीतेचे प्रत्युत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे : काहीही असो, दुर्जन हा दुःखच देतो. अभिनवगुप्ताचे विघ्न ते हेच. चित्र आणि जीवन ह्यांतील अंतर लोपले आहे. सीता ह्या क्षणी चित्र पाहत नाही, चित्रातून निसटून थेट भूतकाळात गेली आहे. रामाने दिलेली आठवण हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि ते त्याने सौम्यपणे बजावले आहे.

परंतु भवभूती येथे थांबत नाही, आणि ह्यातच त्याची थोरवी आहे. पुढील चित्र सुवर्णमृगानंतरच्या जनस्थानाचे आहे. सीता हरली गेली आहे, आणि शून्य अरण्यात राम विलाप करीत आहे. हे चित्र पाहून सीता रडते. आपल्यापायी ह्यांनी एवढे सोसले, असे ती मनाशी म्हणते. येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. हे दृश्य सीतेने कधी पाहिलेले नव्हते. राम तिच्यासाठी जनस्थानात रडत होता तेव्हा ती तेथे नव्हती. रावण तिला घेऊन गेला होता. तिच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या घटनेचा हा अर्धा भाग तिच्या डोळ्यांआड घडला होता. त्याची वार्ता तिने ऐकली असेल, पण डोळ्यांनी पाहिला तो ह्या भिंतीवर, पहिल्यानेच.

म्हणून सीतेच्या ह्या अश्रूंना ‘आठवण’ म्हणता येणार नाही. जे पाहिलेच नाही ते आठवणार कसे? चित्राने तिला तिच्याच जीवनाचा न पाहिलेला भाग दाखविला. हा अर्थ अत्यंत व्यक्तिगत आहे, तो दुसऱ्या कोणाही प्रेक्षकाला ह्या रूपात लाभणार नाही. आणि तरीही तो चित्राच्या बाहेरचा नाही, कारण चित्रावाचून तो तिला मिळालाच नसता. व्यक्तिगतता आणि वस्तुनिष्ठता ह्यांतील ज्या विरोधावर आपली बहुतेक चर्चा उभी असते, तो विरोध येथे मावळतो.

माझ्या मते प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर ह्या ठिकाणी सापडते. कलाकृतीत ‘स्वतःचा’ अर्थ सापडण्याच्या तीन पायऱ्या मानाव्या लागतील. पहिली स्मरणाची : वस्तू निमित्त होते आणि मन आपल्याच वाटेने निघून जाते. दुसरी अवधानाची : आपल्या नात्यामुळे वस्तूतील एरवी न दिसणारे अंग दिसते, जशी सीतेला ऊर्मिला दिसली. तिसरी प्रकटीकरणाची : वस्तूमुळे आपल्या जीवनाचे न पाहिलेले अंग दिसते, जसा सीतेला रामाचा शोक दिसला. शास्त्रकारांचा आक्षेप पहिल्या पायरीला यथार्थ लागू पडतो. दुसरी आणि तिसरी मात्र त्या आक्षेपाच्या कक्षेत येत नाहीत. तेथे ‘स्व’ हे विघ्न नसून दर्शनाचे साधन झालेले असते.

४

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. चित्रदर्शनाचा परिणाम अखेर काय झाला? चित्रे पाहून सीतेला पुन्हा त्या अरण्यात विहार करावा, भागीरथीत स्नान करावे, असा डोहाळा झाला. आणि दुर्मुखाने लोकापवादाची वार्ता आणल्यावर तोच डोहाळा तिच्या त्यागाचे निमित्त ठरला. थकून रामाच्या बाहूवर झोपलेली सीता स्वप्नात त्याला हाक मारते, तेव्हा चित्रदर्शनाने जागी झालेली विरहभावना स्वप्नातही तिला छळते आहे, असे रामालाच वाटते. मग व्यक्तिगत अर्थ घातक नाही काय?

उत्तर असे की, भवभूतीने त्याला निरुपद्रवी म्हटलेलेच नाही. जे खरोखर पाहिले जाते त्याचे परिणाम होतात, एवढेच त्याला सांगावयाचे आहे. शिवाय नाटक पहिल्या अंकाशी संपत नाही. तिसऱ्या अंकात बारा वर्षे लोटली आहेत. राम प्रत्यक्ष जनस्थानात आला आहे, आणि भागीरथीच्या कृपेने अदृश्य झालेली सीता तेथेच आहे. वासंती रामाला एकेक स्थळ दाखविते : सीतेने वाढविलेला हत्तीचा छावा, तिने नाचविलेला मोर, केळीच्या बनातील शिला. राम शोकाने मूर्च्छित होतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. म्हणजे जे दृश्य सीतेने भिंतीवर पाहिले होते, तेच आता ती प्रत्यक्ष पाहते : जनस्थान, ती नाही असे मानणारा राम, आणि त्याचा शोक. पहिल्या अंकातील चित्र हे ह्या भेटीची पूर्वतयारी होती. अश्वमेधात सहधर्मचारिणीच्या जागी आपलीच सुवर्णप्रतिमा आहे, हे रामाच्या मुखातून कळते तेव्हा परित्यागाचे शल्य उपटले गेल्याचे ती म्हणते. लक्षात घ्यावयाचे ते हे की, हे शल्यही एका कलाकृतीच्या वार्तेने निघते.

आणि सातव्या अंकात नाटककाराने एक वर्तुळ पुरे केले आहे. वाल्मीकीने रचलेले नाटक गंगातीरी अप्सरांकडून सादर होत आहे. रंगमंचावरील सीतेची व्याकूळ अवस्था पाहून प्रेक्षकांत बसलेला राम भान विसरून तिला हाक देऊ लागतो, आणि हे नाटक आहे, अशी लक्ष्मणाला त्याची समजूत घालावी लागते. पहिल्या अंकात ज्याने सीतेला ‘हे चित्र आहे’ असे सांगितले, त्यालाच आता तीच समज दुसऱ्याकडून ऐकावी लागते. समीक्षकाची जागा आणि प्रेक्षकाची जागा ह्यांत कायमचे अंतर नाही, हा ह्यातला भावार्थ आहे. जो आज दुसऱ्याच्या अश्रूंना विघ्न म्हणतो, त्याचे चित्र अद्याप त्याच्यापुढे आलेले नसते, इतकेच.

५

आता नाटकातून निघून संग्रहालयात परत येऊ. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय हे ह्या दृष्टीने महाराष्ट्रातील एक मार्मिक उदाहरण आहे. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. त्यांनी दिवे, अडकित्ते, फण्या, वाद्ये, कोरीव दारे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर हिंडून जमविल्या, आणि त्या संग्रहाला आपल्या बालवयात वारलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. म्हणजे येथे व्यक्तिगत अर्थ प्रेक्षकाने येताना आणलेला नाही. तो दाराच्या पाटीवरच लिहिलेला आहे. आत मात्र एकाही वस्तूवर त्या शोकाची छाया लादलेली नाही. दिवा दिव्यासारखाच मांडला आहे. स्वतःचा अर्थ असणे आणि तो वस्तूवर लादणे ह्यांतील भेद ह्याहून चांगल्या रीतीने क्वचितच दिसेल.

काही वर्षांपूर्वी नाशिकहून विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन मी तेथे गेलो होतो. दोन विद्यार्थिनींची प्रतिक्रिया मनात राहिली. पहिली एका समईपुढे उभी राहून आजोळच्या देवघराविषयी भरभरून बोलू लागली. मामा, दिवाळी, फराळ, सगळे आले. पंधरा मिनिटांनी दालनाबाहेर पडल्यावर त्या समईला किती वाती होत्या, असे मी सहज विचारले. तिला सांगता आले नाही. दुसरी, दिंडोरीकडच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगी, अडकित्त्यांच्या कपाटापुढे बराच वेळ गप्प उभी होती. नंतर ती म्हणाली, “सर, घरी अडकित्ता कायम आजीच्या हातात असायचा. त्यामुळे तो मी कधी पाहिलाच नव्हता.” मग तिने एका अडकित्त्याकडे बोट केले. इतर मुलांनी त्यावरील मोराचे कौतुक केले होते. तिने दाखविले ते हे की, मोराची मान धरणाऱ्याच्या अंगठ्याला टेकण्यासाठी वाकविली आहे. ती नुसती शोभेची नाही.

दोघींचाही अर्थ व्यक्तिगत होता. पहिलीचा अर्थ समईपासून निघून आजोळी गेला आणि तेथेच राहिला. दुसरीचा अर्थ आजीकडे गेला आणि परत अडकित्त्याकडे आला. येताना त्याने कारागिराची एक युक्ती आपल्यासोबत आणली. आणि त्याच वेळी तिला आजीविषयीही काही नवे कळले. आपण रोज ज्या हाताकडे पाहत होतो, त्या हातात एक सुंदर वस्तू होती, हे तिने पाहिले नव्हते. मर्ढेकरांना हवे असलेले घाटाचे भान येथे आजीच्या आठवणीला डावलून आलेले नाही. तिच्याच वाटेने आलेले आहे.

पाटीवरील माहिती चुकीची असली तर काय, हाही प्रश्न येथे उपस्थित होतो. सावळाराम हळदणकर ह्यांनी १९४५-४६ च्या सुमारास रंगविलेले, हाती दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहालयात आहे. ‘ग्लो ऑफ होप’ ह्या नावाने ते सर्वत्र माहीत आहे. हळदणकरांची कन्या गीता ही त्याची प्रतिरूपिका होती. परंतु असंख्य प्रेक्षक आजवर हे चित्र राजा रविवर्म्याचे समजून त्यापुढे उभे राहिले आहेत. त्यांनी त्यात आपली बहीण, आई, लेक पाहिली असेल. कर्त्याचे नाव चुकले म्हणून ते दर्शन खोटे ठरते काय? मला तसे वाटत नाही. कारण ज्योतीवर धरलेला हात, बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि त्या उजेडाने उजळलेला चेहरा ह्या गोष्टी नावावर अवलंबून नाहीत. परंतु ते दर्शन अपुरे मात्र राहते. ही चित्रकाराची स्वतःची मुलगी आहे, हे कळल्यावर त्या चित्रातील शांत, अलिप्त कौतुकाला एक नवा अर्थ येतो. पाटी ही व्यक्तिगत अर्थाची वैरीण नव्हे. ती त्याला खोली देणारी, क्वचित त्याला वळण लावणारी सोबतीण आहे.

६

शेवटी नाशिकच्याच दोन स्थळांचा उल्लेख करून हे विवेचन आवरतो. त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे पांडवलेण्यांतील, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा कोरीव लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. लेखात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी ह्याची प्रशस्ती आहे : त्याने जिंकलेले प्रदेश, शक, यवन, पल्हव ह्यांचा केलेला संहार, क्षहरातांचे निर्मूलन. हे सारे राजप्रशस्तीच्या परिपाठाला धरून आहे. पण त्या बिरुदांच्या गर्दीत एक विशेषण असे येते की, हा पुत्र मातेची अखंड सेवा करणारा होता. इतिहासकाराला ह्या लेखातून राज्याचा विस्तार मिळतो, आणि तो मिळावयासच हवा. परंतु दान देणारी माता आहे, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हा पुत्र तेव्हा हयात नव्हता, हे ध्यानी घेऊन वाचणाऱ्याला ते एक विशेषण वेगळे दिसते. विजयांच्या यादीत ती ऊर्मिला आहे. ज्याने आपले माणूस गमावले आहे, त्याच्या डोळ्यांना ती आधी दिसेल. आणि ती दिसल्यावर कोरीव दार, ओसरीचा भार खांद्यांवर पेलणाऱ्या भव्य यक्षमूर्ती, ही सारी राजवैभवाची भाषा एका स्मारकाची भाषा होऊन जाते.

दुसरे स्थळ पंचवटीतील काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सुरू झालेला आणि पुढे काही वर्षे चाललेला सत्याग्रह हा प्रवेशाचा, म्हणजेच दर्शनाच्या अधिकाराचा सत्याग्रह होता. ज्या भूमीच्या चित्रांत भवभूतीने एका स्त्रीला स्वतःचे जीवन पाहू दिले, त्याच भूमीत हजारो माणसांना पाहण्याचाच अधिकार नाकारला गेला होता. मंदिर आणि संग्रहालय ह्या भिन्न संस्था आहेत, हे मान्य. तरीही दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला आपला अर्थ सापडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे. संग्रहालयाचे दार उघडे असणे ही म्हणून किरकोळ गोष्ट नव्हे. आणि दार उघडून आत घेतलेल्या माणसाला ‘तुझी आजी येथे आणू नकोस’ असे सांगणे म्हणजे त्याला अर्धे बाहेरच ठेवणे होय.

ह्याचा अर्थ समीक्षेने आपले काम सोडून द्यावे असा नाही. राम सीतेला हे चित्र आहे याची आठवण देतो, ती आवश्यकच आहे. परंतु तेवढ्यावर थांबणारी समीक्षा अपुरी होय. प्रेक्षकाला स्वतःची आठवण होताच आपण त्याला दोन प्रश्न विचारावेत. ही आठवण तुला पुन्हा चित्राकडे घेऊन आली काय? आणि आल्यावर तुला आधी न दिसलेले काही दिसले काय, चित्रात वा तुझ्यात? उत्तर होकारार्थी असेल तर तो अर्थ व्यक्तिगत असूनही प्रमाण मानावा. नकारार्थी असेल तर त्याला दोष न देता, लक्ष्मणासारखे, पुढचे चित्र दाखवावे. वीथिका मोठी आहे, आणि कोणत्या चित्रापुढे कोणाचा न पाहिलेला भाग उभा राहील, हे ती रंगवून घेणाऱ्या लक्ष्मणालाही ठाऊक नव्हते.